पाण्यावर सलाइन नको

११ जुलै

दालिनला दुपारी आणलं. झोपवलं की गुदमरायची, म्हणून पाठीला उशा लावून बसवून ठेवली. पोट टम्म. छातीला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे खाली श्वासाचा आवाजच नाही — तिथे पाणी भरलेलं. वीस-एकवीस वर्षांची पोरगी, राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात असते, ताप आला म्हणून रजा घेऊन घरी आली. पावसाळा संपला की लग्न आहे.

आई सांगत होती, ताप आल्यापासून रोज सलाइन चालू होती. एक बाटली संपली की दुसरी. पोरीच्या अंगात ताकद नव्हती, म्हणून.

कुणी लावली ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मनगटाजवळ सुई तशीच होती आणि तिच्यावर चिकटपट्टी, टोकं आत दुमडलेली — म्हणजे काढताना नखानं खरवडावं लागत नाही. आमच्या अख्ख्या तळ्यावर, सगळ्या तरंगत्या गावांत मिळून, अशी पट्टी एकच माणूस लावतो. मीही तशीच लावते. त्यांनीच शिकवली.

डॉक्टर पिसेथनी रक्त तपासून घेतलं. डेंग्यू. बाटली आधी बंद करायला सांगितली. ह्या तापात नसा झिरपायला लागतात, वरून ओतलेलं सगळं छातीत आणि पोटात जाऊन साठतं, हे त्यांनी दालिनच्या आईला दोनदा समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही त्याच गावच्या ना? कोण आहे हा पाण्यावरचा डॉक्टर?"

मी म्हटलं, माहीत नाही.

१२ जुलै

दालिन तशीच. ऑक्सिजन चालू. अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे जावं म्हणून औषध दिलंय. आता सलाइन अगदी बेतानं, नाडी बघत बघत. आई मागे लागली आहे, इतकी हळू का सोडता, आमच्या लोक-क्रूंच्या हाताची तर भरभर चालायची.

लोक-क्रू! गुरुजी म्हणा, डॉक्टरसाहेब म्हणा, बाबांना सगळं तळं हेच म्हणतं. त्यांच्याकडे ना पदवी ना पाटी.

१३ जुलै

लघवी झाली! भरपूर. संध्याकाळी दालिननं स्वतः पेज मागितली आणि वर सुकवलेला मासा मागितला. आई रडायला लागली. मीही बाहेर जाऊन नाक पुसून आले.

१५ जुलै

सुट्टी. सकाळच्या होडीनं घरी गेले.

बाबा आमच्या तरंगत्या घराच्या पुढच्या फळीवर बसून जाळं सांधत होते. दालिनचं त्यांनीच आधी विचारलं. वाचली म्हटल्यावर चेहरा खुलला. म्हणाले, बघ, आधी सलाइन गेली होती म्हणून तिनं तग धरला.

तिथेच माझं डोकं फिरलं.

समजावलं. अगदी पहिल्यापासून. नसा कशा झिरपतात, पाणी कुठे साठतं, ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात आणि तेव्हाच खरा धोका असतो. ते ऐकत होते, हातातली गाठ न सोडता. मग त्यांनी छावणीचं काढलं. दरवेळी छावणीच! सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत हगवणीची साथ आली, तेव्हा परदेशी डॉक्टरांनी काही तरुणांना हाताशी धरून सुया लावायला शिकवलं, त्यात बाबा होते.

"डोळे आत गेलेली माणसं, चान्था. नाडी लागत नव्हती. घरचे त्यांना कापडात गुंडाळायला निघाले होते. मी सलाइन लावली आणि तीच माणसं उठून बसली, माझ्याकडे प्यायला पाणी मागायला लागली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तू पुस्तकात बघितलंयस."

मी म्हटलं, ती हगवण होती बाबा, हा डेंग्यू आहे.

"माणूस कोरडा पडला की पाणी द्यायचं. त्याला पुस्तक कशाला लागतं?"

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, दालिन गेली असती तर तुम्ही मारलं असतंत तिला. आणि मी डॉक्टरांपुढे तुमचं नाव लपवलं.

बाबांनी जाळं खाली ठेवलं. तेवढ्यात शेजारच्या घरातून मींग पेऊ, माझी मानलेली मावशी, तळलेले मासे घेऊन आली. दोन घरांमधली फळी वाकते, तरी ह्या वयात ताट घेऊन सरळ चालत येते. म्हणाली, "बापलेकीचं भांडण पाण्यावर लांबपर्यंत जातं. पलीकडच्या काठावरचे मासेसुद्धा पळाले. जेवा आता."

आई गेली तेव्हा मी रांगत होते. मींग पेऊनं मला आपल्या पोरांबरोबर वाढवलं. तिच्यापुढे मी अजून भांडू शकत नाही. जेवले आणि दुपारच्या होडीनं परत आले.

जाताना बाबा आत होते. हाक मारली नाही मी.

२७ जुलै

आज परत एक. बाबांचा नव्हे, दुसऱ्या कुणाचा तरी. हृदयाचा जुना पेशंट, पायांना सूज, आणि त्याला अशक्तपणा म्हणून सलाइन! मोटरसायकलवर मागे बसवून आणला, मुलगा बांबूला बाटली टांगून वर धरून बसलेला. रस्त्यात लोक बाजूला होतात म्हणे. बाटली दिसली की माणूस गंभीर आहे हे कळतं.

लोकांना गोळी दिली तर औषध दिलं असं वाटत नाही. बाटली लटकली पाहिजे. मला हे सगळं बदलायचं आहे.

३ ऑगस्ट

डॉक्टर पिसेथना कळलं. दालिनच्या आईनंच कौतुकानं सांगितलं असणार — ह्या सिस्टर म्हणजे आमच्या लोक-क्रूंची मुलगी. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण रागावले नाहीत. म्हणाले, तक्रार केली तर उद्या दुसरा कुणी सुया-बाटल्यांची पिशवी घेऊन फिरेल. त्यापेक्षा तुम्ही बोला. विहारात सणाच्या दिवशी सगळं गाव येतं, भिक्खूंना मी विचारतो. तुमचं ऐकतील.

आणि एक म्हणाले. डेंग्यूचं सांगा, अशक्तपणाच्या सलाइनचं सांगा, पण हगवणीचं वेगळं सांगा. साखरमिठाचं पाणी पोटात राहत नसेल आणि तळं ओलांडायला वेळ लागणार असेल, तर जाणकार हातानं लावलेली सलाइन जीव वाचवते. निघण्याआधी लावा आणि मग घेऊन या.

मी हो म्हटलं.

९ ऑगस्ट

बोलले. विहाराची ओसरी भरली होती. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

दालिनचं सांगितलं, नाव न घेता. सगळ्यांना नाव माहीतच होतं. मोटरसायकलवाल्याचं सांगितलं. लोक एकमेकांकडे बघत होते. मागून एक म्हातारी म्हणाली, मग थकवा आला की काय करायचं? मी म्हटलं, झोपायचं. सगळे हसले.

बाबा खांबाला टेकून बसले होते, पार मागे. मला वाटलं मान खाली असेल. नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होते, जरा कौतुकानंच, असं वाटलं. आणि त्याचाच मला राग आला. म्हणजे ह्यांना अजून कळलंच नाही की हे त्यांच्याबद्दल आहे!

मग मी आवाज चढवला. म्हटलं, "आजपासून पाण्यावर कुणीही सलाइन लावून घ्यायची नाही. कुणाच्याही हातची नाही. घरी लावून घ्यायची आणि बिघडलं की माझ्याकडे यायचं, हे चालणार नाही. मग माझ्याकडे येऊच नका."



मींग पेऊ पुढच्या ओळीत पाय दुमडून बसली होती. शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होती, हिला मी वाढवलंय.

हगवणीचं सांगितलं नाही. विसरले नाही. तोंडाशी आलं होतं, गिळलं. एवढी फट ठेवली असती तर बाबा त्याच फटीतून पिशवी घेऊन परत बाहेर पडले असते. आणि लोकांना दोन गोष्टी सांगितल्या की दोन्ही विसरतात. आधी एक पक्की बसू दे. दुसरी पुढच्या वेळी.

१० ऑगस्ट

सकाळी परत निघताना बाबा होडीपर्यंत आले. म्हणाले, चांगलं बोललीस, आवाज तुझ्या आईसारखा आहे.

मी विचारलं, मग? आता?

"आता काय. नको म्हणालीस, तर नको."

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

२४ ऑगस्ट

आपल्या गावातून आज तिघं आली, तापाची. तिघांच्याही हाताला सुईची खूण नाही. दोघांना डेंग्यू. वेळेवर आली, ठेवून घेतलं, दोघंही चांगली आहेत. डॉक्टर पिसेथ म्हणाले, सिस्टर, तुम्ही जादू केलीत.

रात्री झोप छान लागली. लिहून ठेवते, कारण असं क्वचित होतं.

७ सप्टेंबर

घरी. बाबा बारीक झालेत. पूर्वी कुणी ना कुणी फळीवर बसलेलं असायचं, हात पुढे करून, गप्पा मारत. आता कुणी नाही. पू थाय — मींग पेऊचे यजमान — त्यांना चिडवत होते, काय लोक-क्रू, आता आमच्यासारखे मासेच धरणार तर! बाबा म्हणाले, मासे बरे, त्यांच्या मुली बोलत नाहीत.

मीसुद्धा हसले. पण मला ते लागलं.

मींग पेऊ कंबरदुखीला आणि थकव्याला महिन्यातून एकदा बाबांकडून बाटली लावून घ्यायची. वर्षानुवर्षं. तिनं पहिल्यांदा बंद केलं. दुसऱ्या बायकांनाही दटावते म्हणे, आमच्या चान्थानं सांगितलंय ना, मग? मी तिची पाठ चेपून दिली. म्हणाली, तुझ्या बापाच्या बाटलीपेक्षा हे बरं, फक्त तू फार कमी वेळा येतेस.

तेव्हा तिला सांगता आलं असतं. मींग, हगवणीचं वेगळं असतं. दोन वाक्यं. पाठ चेपत होते, हात मोकळे नव्हते, तोंड तर मोकळं होतं.

(हे शेवटचं मी आज, ऑक्टोबरात, लिहिलंय. त्या दिवशी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी सुचलंही नव्हतं.)

२१ सप्टेंबर

पूर्वजांचा पंधरवडा सुरू झाला. वॉर्ड अर्धा रिकामा. आजारी माणसंसुद्धा सणाला घरी पळतात.

२ ऑक्टोबर

घरी जाता आलं नाही, ड्यूटी. फोनवर मींग पेऊ म्हणाली, तुझ्या आईच्या नावानं केळीच्या पानातले भाताचे आन्सॉम ठेवलेत विहारात, तुझ्या वाटचेही खाल्ले मी.

७ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं. पण झोप येणार नाही.

दुपारी होडीच्या धक्क्यावरून ओरडा ऐकू आला. बाबा आणि पू थाय कुणाला तरी फळीवर घालून आणत होते. चौकडीच्या पंचात, क्रामात, गुंडाळलेलं. मी स्ट्रेचर घेऊन धावले. जवळ गेले तेव्हा कळलं, मींग पेऊ.

ओळखू येत नव्हती. डोळे खोल, गाल आत, ओठांना पापुद्रे. हाताची बोटं दिवसभर कपडे धुतल्यासारखी सुरकुतलेली. मनगटावर नाडी नाही. मानेजवळ लागली, दोऱ्यासारखी.

पू थाय सांगत होते — काल संध्याकाळपासून. भाताच्या धुवणासारखे जुलाब, थांबतच नव्हते. साखरमिठाचं पाणी दिलं, उलटलं. शहाळं दिलं, उलटलं. रात्री अंधारात निघता आलं नाही, सकाळी वारा सुटला, तळ्यात लाटा, होडी निघेना.

मी तिचा डावा हात उलटा केला. कोरा. उजवा बघितला. कोरा. सुईची एक खूण नाही.

बाबांची पिशवी होडीत होती. चेन उघडी, आत बाटल्या दिसत होत्या. भरलेल्या!

मी विचारलं, लावली नाहीत?

बाबा म्हणाले, "तू नको म्हणाली होतीस."

पू थाय खाली बघत होते.

मग काही सुचायला वेळच नव्हता. शीर सापडेना. कोपरात नाही, मनगटावर नाही, पावलावर नाही. त्या हातांनी मला भरवलंय आणि मला त्यांत एक शीर सापडेना. शेवटी डॉक्टर पिसेथना मांडीच्या मुळाशी सापडली. बाटली दाबून दाबून सोडली, मग दंडावर एक वर आली, तिथे दुसरी. दोन्ही धारेनं. इथे थेंब मोजायचे नसतात. इथे ओतायचं असतं. हे मला माहीत आहे. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

तिसऱ्या बाटलीला मनगटावर नाडी आली. तिनं डोळे उघडले. मला बघून म्हणाली, "ड्यूटीवर आहेस? जेवलीस का?"

मला वाटलं, जिंकले.

८ ऑक्टोबर

लघवी झालीच नाही. फार वेळ कोरडी राहिली, मूत्रपिंडं गेली असं डॉक्टर म्हणाले. श्वास खोल खोल आणि भराभर होत गेला. मोठ्या इस्पितळात न्यायला गाडी बोलावली होती.

गाडी यायच्या आत गेली.

९ ऑक्टोबर

विहारात नेलं. मी राखाडी आकाश बघत होते. दुसरं काही आठवत नाही.

१० ऑक्टोबर

सगळे गेल्यावर मी बाबांना गाठलं. फळीवर, त्यांच्या त्याच जागी.

म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. छावणीत हेच तर बघितलं होतंत ना? आयुष्यभर तेच सांगत आलात! डोळे आत गेलेली माणसं, नाडी नाही, आणि तुम्ही त्यांना उठवून बसवलंत. परक्यांना उठवलंत. मग मींगला का नाही? पिशवी शेजारी होती. बाटल्या भरलेल्या होत्या.

ते म्हणाले, तू नको म्हणाली होतीस.

"म्हणजे हा सूड होता? चारचौघांत बोलले म्हणून? मला दाखवून द्यायला तुम्ही तिला मरू दिलंत?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. मी वाट बघत होते ओरडायची.

"काहीही समज," म्हणाले.

मी दालिनच्या वेळी बोलले होते, तुम्ही मारलं असतंत. ह्या वेळी म्हटलं, मारलंत.

आणि निघून आले.

१४ ऑक्टोबर

फोन आला. उचलला नाही.

१६ ऑक्टोबर

परत आला. नाही उचलला.

१९ ऑक्टोबर

हगवणीचे अजून चार. पाणी तपासायला माणसं आली होती. चौघंही दुसऱ्या गावचे, तिथून इथे यायला पक्का रस्ता आहे. वेळेत पोचले. बाटल्या लावल्या आणि कोमेजलेली माणसं माझ्यासमोर ताजी होत गेली. एक बाई उठून बसली आणि प्यायला पाणी मागायला लागली.

बाबा सांगायचे तसंच. अगदी तसंच. मी संडासात जाऊन दार लावून घेतलं.

२० ऑक्टोबर

डॉक्टर पिसेथनी आज विचारलं. सहज, हात धुताना. सिस्टर, त्या मावशींना घरून निघताना सलाइन का लावली नव्हती? विहारात हगवणीचं सांगितलं होतंत ना?

मी म्हटलं, हो.

म्हणाले, मग लोक ऐकत नाहीत, दुसरं काय.

मी टॉवेल दिला त्यांना.

२५ ऑक्टोबर

परत विहारात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. भिक्खूंना म्हटलं, मला चार वाक्यं बोलायची आहेत.

सांगितलं. डेंग्यूत नको, हगवणीत हवी. पाणी पोटात ठरत नसेल, डोळे आत जायला लागले, तर लोक-क्रूंना हाक मारा, लावून घ्या आणि मग निघा. हे मी ऑगस्टमध्ये सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगायला सांगितलं होतं तरी नाही.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एक बाई म्हणाली, थोडं परत सांग बाई, लक्षात राहायला पाहिजे. मी परत सांगितलं.

बाबा आले नव्हते. घरी गेले नाही. माझी चूक मी कबूल केली. पण मी नुसतं बोलले होते. हात त्यांचा होता, पिशवी त्यांची, आणि त्यांना माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. हे मी त्यांना माफ करू शकत नाही.

२ नोव्हेंबर

दालिनचं लग्न झालं. मिठाई घेऊन नवऱ्याबरोबर वॉर्डात आली. गुबगुबीत झाली आहे. लोक-क्रू लग्नाला आले होते, म्हणाली, पण जेवले नाहीत, तिला आशीर्वाद दिला आणि कान धरून माफी मागितली. तिला हसू आलं म्हणे, एवढा मोठा माणूस कान धरतो!

मी हसले नाही.

८ नोव्हेंबर

डॉक्टर पिसेथना खरं सांगितलं. की मी ते गाळलं होतं. त्यांनी ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात आपण दोघं सगळ्या पाण्यावरच्या गावांना जाऊ. मी पण बोलेन.

शिक्षा काही केली नाही. मी वाट बघते आहे अजून.

१५ नोव्हेंबर

पू थाय डोळ्याला पट्टी करून घ्यायला आले होते. पट्टी झाली. मग म्हणाले, बापाशी बोलत नाहीस असं ऐकलं. मी कापूस गुंडाळत राहिले.

म्हणाले, "त्यानं मला शपथ घातलीय. पण मला हे घेऊन मरायचं नाही. तो त्या संध्याकाळीच आला होता, जुलाब सुरू झाले तेव्हाच. बाटली टांगली, नळीतली हवा काढली, सुई हातात घेतली. पेऊनं हात पाठीखाली दडवला. म्हणाली, पोरगी चारचौघांत बोललीय. मीच मोडलं तर तिचं कोण ऐकणार? सकाळपर्यंत तो तिच्या पाया पडत होता, चान्था, आणि मी तुला फोन लावत होतो, तो लागत नव्हता. तिची शुद्ध गेली तेव्हा आम्ही भर तळ्यात होतो. सगळी वाट तो शीर चाचपत आला. लागलीच नाही."

दुपारच्या होडीनं घरी गेले. बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलंत?

म्हणाले, "तुला दुसऱ्या दिवशी परत त्याच कामावर जायचं होतं."